डेव्हिड ब्रायंट : तीन जगज्जेतेपदे, तीनही घरापासून दूर

मैदानवेडा

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की यांनी लॉन बोल्सचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा चार दिवस सगळीकडे या खेळाचीच चर्चा होती. नियम कळले, त्या चौघींच्या नोकऱ्या कळल्या, आणि मग क्रिकेटची पुढची मालिका सुरू झाली. या खेळात एखाद्याची कारकीर्द नेमकी कशी घडते, हा विषय मात्र तेव्हाही कुणी काढला नाही. म्हणून हा धागा, आणि तोही अशा खेळाडूवर, ज्याचे नाव घेतल्याशिवाय या खेळातली कुठलीच तुलना पुरी होत नाही.

डेव्हिड जॉन ब्रायंट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९३१ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या क्लीव्हडन या समुद्रकाठच्या छोट्या गावात झाला. बोल्स घरातच होते, वडीलही खेळत. पोटापाण्यासाठी ब्रायंट यांनी शिक्षकी पेशा पत्करला आणि खेळ गावच्या क्लबातून सुरू ठेवला. राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी एकेरीचे सुवर्णपदक चार वेळा जिंकले : १९६२ साली पर्थ, १९७० साली एडिंबरा, १९७४ साली ख्राइस्टचर्च आणि १९७८ साली एडमंटन. मधल्या १९६६ च्या किंग्स्टन स्पर्धेत बोल्सचा समावेशच नव्हता, म्हणजे तिथे हरण्याचीही सोय नव्हती! पर्थला चौकडीचेही सुवर्ण मिळाल्यामुळे राष्ट्रकुलमधली त्यांची एकूण सुवर्णपदके पाच होतात. हिरवळीवरचे एकेरीचे जागतिक अजिंक्यपद १९६६, १९८० आणि १९८८ असे तीन वेळा त्यांच्याकडे आले. बंदिस्त सभागृहातल्या बोल्सची जागतिक स्पर्धा १९७९ मध्ये स्कॉटलंडमधील कोटब्रिज येथे सुरू झाली आणि तिची पहिली तीनही वर्षे ब्रायंट यांच्याच नावावर लागली.

ही यादी कुठेही मिळते. मला कुतूहल आहे ते तिच्यात दडलेल्या एका गोष्टीचे. १९६६ चे विजेतेपद सिडनीजवळच्या कायमा येथील हिरवळीवरचे, १९८० चे मेलबर्नजवळच्या फ्रँकस्टनचे आणि १९८८ चे ऑकलंडमधील हेंडरसनचे आहे. ही स्पर्धा ब्रिटनमध्ये १९७२ साली वर्दिंगला झाली तेव्हा एकेरी वेल्सच्या मॅल्विन इव्हान्स यांनी जिंकली, आणि १९८४ साली ॲबरडीनला झाली तेव्हा न्यूझीलंडच्या पीटर बेलिस यांनी. जो माणूस आयुष्यभर इंग्लंडच्या ओलसर, संथ हिरवळीवर खेळला, त्याची तीनही जगज्जेतेपदे दक्षिण गोलार्धातली आहेत. माझ्या मते ब्रायंट यांचे मोठेपण पदकांच्या संख्येत शोधण्यापेक्षा इथे शोधावे. जाणकारांनी भर घालावी.

हिरवाचाफा

धागा माहितीपूर्ण आहे, परंतु एक शंका राहून राहून मनात येते आणि ती विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. छप्पन्नाव्या वर्षी जगज्जेता होता येते, असा खेळ आपण इतर मैदानी खेळांच्या बरोबरीने मोजावा का? शिवाय हा खेळ ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, कॅनडा आणि हाँगकाँग अशा मोजक्या ठिकाणीच गांभीर्याने खेळला जात असे. स्पर्धक थोडे असले की एखाद्याची मक्तेदारी होणे सोपे जाते. मला खेळाची टवाळी करायची नाही. ब्रायंट यांना 'महान' म्हणताना आपण कोणती मोजपट्टी लावतो आहोत, एवढेच समजून घ्यायचे आहे.

दक्षिणायन

हिरवाचाफा यांच्या शंकेचे अर्धे उत्तर हिरवळीतच आहे. मी बरीच वर्षे ख्राइस्टचर्चमध्ये राहतो आणि घराजवळच्या क्लबात हौसेने खेळतो, त्यामुळे जे पायाखाली पाहिले आहे तेवढेच लिहितो.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक लहान पांढरा किंवा पिवळा गोळा आधी घरंगळत पुढे पाठवतात, त्याला जॅक म्हणतात. मग प्रत्येक खेळाडू आपले मोठे गोळे, म्हणजे बोल, जॅकच्या जास्तीत जास्त जवळ थांबतील अशा बेताने टाकतो. एकेरीत प्रत्येकाला चार बोल मिळतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या बोलपेक्षा तुमचे जितके बोल जॅकजवळ असतील, तितके गुण तुमचे. बोल दीड किलोच्या आसपास भरतो आणि तो पूर्ण गोल नसतो. एका बाजूला त्याचा घाट किंचित वेगळा असल्यामुळे तो सरळ न जाता वळत जातो. वेग असतो तोवर हे वळण जेमतेम जाणवते, वेग ओसरू लागला की ते वाढत जाते आणि थांबण्याआधीच्या शेवटच्या काही हातांत बोल अक्षरशः आत वाकतो.

आता हिरवळीकडे येतो. तिचा वेग सेकंदांत मोजतात : चटईपासून, म्हणजे जिथे उभे राहून बोल टाकतात तिथून, सत्तावीस मीटरवर जाऊन थांबायला बोलला किती वेळ लागला, ते पाहतात. इंग्लंडच्या उन्हाळ्यातल्या हिरवळीवर हा आकडा साधारण दहा ते बारा भरतो. आमच्याकडे चांगल्या कोरड्या दिवशी तो सतरा-अठराच्याही पुढे जातो. आकडा मोठा म्हणजे हिरवळ वेगवान, हे नव्या माणसाला उलटे वाटते. पण जमीन इतकी गुळगुळीत असते की बोल अगदी हळुवार सोडला तरी तो रेंगाळत रेंगाळत तिथवर पोहोचतो. जितका रेंगाळतो तितका जास्त वळतो, त्यामुळे इथे नेम धरताना तो जॅकच्या कितीतरी बाहेर, कधीकधी शेजारच्या पट्ट्याच्या दिशेने धरावा लागतो. इंग्लंडमध्ये हात मागे नेऊन जोर द्यावा लागतो. इथे तोच हात चालवला तर बोल थेट पलीकडच्या चरात.

आणखी एक गोष्ट सांगितली तर अनेकांना खरी वाटणार नाही. न्यूझीलंडमधल्या पुष्कळ क्लबांची हिरवळ गवताची नसतेच. कोट्युला नावाची जमिनीलगत पसरणारी बारीक पानांची वनस्पती मुद्दाम जोपासतात. ती कापून, दाबून, सुकवून पृष्ठभाग कडक करतात. इंग्लंडमध्ये बोल घासतो ते तलम गवताच्या पात्यांवर, आणि आमच्याकडे या चिवट पानांच्या सतरंजीवर. ब्रायंट यांनी १९७४ चे राष्ट्रकुल सुवर्ण याच शहरात जिंकले आणि १९८८ चे जगज्जेतेपद ऑकलंडला. परक्या भूमीवर येऊन थोड्या दिवसांत हाताचा अंदाज पार बदलणे आणि जे लहानपणापासून त्याच हिरवळीवर वाढले त्यांना हरवणे, याला मी तरी मक्तेदारी म्हणणार नाही.

मैदानवेडा

दक्षिणायन, मला जे म्हणायचे होते ते आपण माझ्यापेक्षा नेमके मांडलेत. याच संदर्भात ब्रायंट यांच्या बोल सोडण्याच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण ती जुन्या चित्रफितींत आजही पाहायला मिळते आणि पाहण्यासारखी आहे.

चटईवर आल्यावर ते दोन्ही पाय जवळ ठेवून जवळजवळ उकिडवे बसत. बोल समोर धरलेला, नजर निवडलेल्या रेषेवर, तोंडात पाइप. क्षणभर ते तसेच स्थिर असत. मग शरीर सावकाश वर येई, त्याबरोबर बोल वर येई, हात मागे झुले आणि पाऊल पुढे पडताना बोल जमिनीला जवळजवळ न जाणवता हातातून सुटे. बहुतेक खेळाडू उभे राहून वाकतात. ब्रायंट खालून वर येऊन पुन्हा खाली जात. पाहताना हा व्याप अनावश्यक वाटतो. माझा तर्क असा की दरवेळी अगदी तळापासून सुरुवात केल्यामुळे आपण किती उंचीवर आलो आणि हात किती मागे नेला, याचे माप त्यांना शरीरातच मिळत असावे. संथ हिरवळीवर झोका थोडा वाढवायचा, वेगवान हिरवळीवर थोडा आखडायचा, बाकी काही बदलायचे नाही. ही पद्धत पुढे अनेकांनी उचलली, पण गुडघे सांभाळून वयाच्या साठीपर्यंत ती टिकवणे फार थोड्यांना साधले असेल.

पाइपबद्दल इतकेच, की खेळताना तो बहुतेक वेळा विझलेलाच असे. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना मात्र बोल्स म्हटले की तो पाइपच आठवे.

खडूफळा

मी स्वतः शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आहे, म्हणून या कारकिर्दीच्या पूर्वार्धाकडे माझे लक्ष जास्त गेले. पर्थची स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमधली, ख्राइस्टचर्चची जानेवारी-फेब्रुवारीतली. इंग्लंडमध्ये हे शाळेच्या ऐन सत्राचे दिवस आणि हिरवळी बंद असण्याचेही. म्हणजे घरी बाहेरचा सराव नाही, हवामान उलटे, आणि खेळातून मिळकत शून्य, कारण हौशीपणाचे नियम तेव्हा कडक होते. ब्रायंट यांनी पर्थला दोन सुवर्णे जिंकली तेव्हा ते वर्गात मुलांना शिकवणारे गुरुजी होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी शिकवणे सोडले आणि पुढचे आयुष्य या खेळाशी निगडित कामांना दिले.

हिरवाचाफा यांच्या प्रश्नाला माझे उत्तर थोडे निराळे आहे. उशिरापर्यंत खेळता येणारा खेळ सोपा असतो, हे गृहीतक मला पटत नाही. जिथे विशीतले आणि साठीतले एकाच पट्ट्यावर उतरतात, तिथे जुन्या विजेत्याला वय झाले म्हणून मानाने बाजूला होता येत नाही. दर काही वर्षांनी नवी पिढी येते आणि तिच्याशी नव्याने झुंजावे लागते. १९६६ आणि १९८८ या दोन विजेतेपदांमध्ये बावीस वर्षांचे अंतर आहे. इतक्या काळात हरवण्याजोगे प्रतिस्पर्धी किमान दोनदा बदलतात.

तिरकसराव

सगळे कौतुकच करीत असल्यामुळे विरोधी बाकावर कुणीतरी बसायला हवे, म्हणून लिहितो. ब्रायंट यांना सर्वश्रेष्ठ म्हणण्यापूर्वी स्कॉटलंडच्या ॲलेक्स मार्शल यांचा हिशेब मांडा. सभागृहातले एकेरीचे जागतिक विजेतेपद त्यांनी सहा वेळा मिळवले, ब्रायंट यांनी तीन वेळा. राष्ट्रकुलमध्ये दोघांचीही सुवर्णपदके पाच-पाच. शिवाय मार्शल यांच्या काळात स्पर्धा वाढल्या, पूर्णवेळ खेळणारे वाढले, चित्रफिती पाहून प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करता येऊ लागला. कोटब्रिजच्या पहिल्या तीन वर्षांत स्पर्धेचे जेमतेम बारसे झाले होते. तेव्हाचे विजय आणि नव्वदनंतरचे विजय एकाच तराजूत कसे घालायचे?

आणि आणखी एक. विली वुड यांचे नाव इथे कुणीच कसे घेतले नाही? त्यांनी १९८२ साली ब्रिस्बेनला राष्ट्रकुलचे एकेरी सुवर्ण जिंकले आणि वयाच्या बाहत्तराव्या वर्षी आपल्या दिल्लीत २०१० च्या स्पर्धेत ते स्कॉटलंडकडून उतरले होते. दीर्घायुषी कारकीर्द हाच निकष असेल तर मान त्यांचा आहे.

मैदानवेडा

तिरकसराव, विरोधी बाक आपण चांगला सांभाळलात, तरी दोन्ही मुद्द्यांवर माझे उत्तर आहे.

मार्शल यांची पाचही राष्ट्रकुल सुवर्णे दुहेरीची आणि चौकडीची आहेत. ब्रायंट यांची पाचपैकी चार एकेरीची. सांघिक प्रकार कमी दर्जाचे नव्हेत, पण एकेरीत चुकलेला बोल दुरुस्त करायला जोडीदार नसतो. सभागृहात मार्शल वरचढ आहेत, हे मी बिनतक्रार मान्य करतो. परंतु सभागृहात गालिचा सगळीकडे साधारण सारखा, वारा नाही, ऊन-पाऊस नाही. ब्रायंट यांचे वेगळेपण असे, की संथ गवत, वेगवान कोट्युला आणि सभागृहातला गालिचा या तिन्हींवर एकाच माणसाने सर्वोच्च स्पर्धा जिंकल्या. १९७९ ते १९८१ या तीन वर्षांत सभागृहातली तीन जागतिक विजेतेपदे आणि मध्येच फ्रँकस्टनचे हिरवळीवरचे विजेतेपद, असा तो काळ आहे. फ्रँकस्टनला तर त्यांनी टोनी ऑलकॉक आणि जिमी हॉबडे यांच्याबरोबर तिहेरीचे सुवर्णही मिळवले.

विली वुड यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण जागतिक एकेरीत ते १९८४ आणि १९८८ असे लागोपाठ दोनदा उपविजेते राहिले, आणि दुसऱ्या वेळी त्यांना हरवणारे ब्रायंटच होते.

वेलदोडा

आतापर्यंतची चर्चा वाचताना एक गोष्ट खटकली. 'सर्वश्रेष्ठ' हा शब्द इथे सहज वापरला जातो आहे आणि सगळी नावे पुरुषांची आहेत. स्त्रियांची जागतिक स्पर्धा १९६९ साली सिडनीला सुरू झाली आणि एकेरीची पुढची दोन विजेतेपदे, १९७३ आणि १९७७ ची, न्यूझीलंडच्या एल्सी विल्की यांनी जिंकली. राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र पुरुषांचे बोल्स १९३० साली हॅमिल्टनच्या पहिल्याच स्पर्धेपासून असताना स्त्रियांना प्रवेश मिळायला १९८२ उजाडावे लागले. ब्रायंट यांनी आपली चारही एकेरी सुवर्णे जिंकून झाली होती, तोवर विल्की यांच्यासारख्या खेळाडूला त्या व्यासपीठावर पाऊल ठेवण्याची संधीच नव्हती. ज्या खेळात शरीरबळाचा वाटा इतका कमी, त्यात ही बावन्न वर्षांची दिरंगाई कशासाठी होती, हे मला आजही उमगत नाही. ब्रायंट यांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही, पण पदकांची तुलना करताना दरवाजा कुणाला उघडा होता हेही नोंदवायला हवे.

भारतीय चौकडीचा उल्लेख धाग्याच्या आरंभी आला आहे, म्हणून आणखी एक सांगते. लेमिंग्टन स्पा येथील अंतिम सामन्यात भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ८-२ अशी आघाडी घेतली होती, ती गमावून १०-८ अशी पिछाडी झाली आणि तिथून पुढे सामना १७-१० असा जिंकला. त्या चौघींपैकी बहुतेक जणी दुसऱ्या खेळांतून इकडे आलेल्या : नयनमोनी वेटलिफ्टिंगमधून, रूपाराणी कबड्डीतून, लवली धावपटू म्हणून. ब्रायंट यांच्यासारखे घरातून बोल्स घेऊन आलेले कुणीच नाही. चांगला बोल्सपटू लहानपणीच घडावा लागतो, हा समज यातून तरी ढिला व्हावा.

हिरवाचाफा

दक्षिणायन आणि खडूफळा यांची उत्तरे वाचून माझा आक्षेप बराच निवळला आहे. वेलदोडा यांचा मुद्दाही रास्त वाटतो. आता निव्वळ जिज्ञासेपोटी विचारतो : एकेरीच्या सामन्यात खरा ताण कुठे असतो? बाहेरून पाहणाऱ्याला तर सगळे निवांत दिसते.

दक्षिणायन

ताण असतो तो शेवटच्या बोलच्या आधी. एकेरीत चटईवरून पलीकडचे चित्र नीट दिसत नाही. वीस-पंचवीस मीटर अंतरावरून जॅकभोवतीचे बोल एकमेकांत मिसळलेले भासतात. तिकडे एक मार्कर उभा असतो. तो विचारल्याखेरीज काही सांगत नाही आणि विचारले तरी जेवढे विचारले तेवढेच सांगतो. जॅकला स्पर्शून थांबलेल्या बोलवर तो खडूने खूण करतो, कारण तसा बोल नंतर चरात ढकलला गेला तरी जिवंत धरला जातो. तुमच्या हातात शेवटचा बोल आहे, प्रतिस्पर्ध्याचे दोन बोल जॅकच्या मागेपुढे आहेत. आता शांतपणे वळण घेत तिसऱ्या जागी शिरायचे, की जोराने बोल फेकून सगळा डाव उधळायचा? जोराच्या फेकीत जॅक कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि हळुवार बोल अर्धा हात लांबला तरी दोन गुण गेले. पूर्वी एकेरीचा सामना एकवीस गुणांपर्यंत चाले, म्हणजे असे निर्णय एका दुपारीत वीस-पंचवीस वेळा घ्यावे लागत. सामन्याच्या शेवटी खांदा दुखत नाही, पण डोके पार शिणून जाते.

दोन बोलांमधला फरक नजरेने ठरेनासा झाला की मोजपट्टी निघते. मार्कर गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून, जॅकला धक्का न लावता दोरी ताणतो, आणि कधीकधी नखाएवढ्या फरकावर एंडचा, म्हणजे त्या फेरीचा, निकाल लागतो.

तिरकसराव

एकेरीच्या मुद्द्यावर माझे समाधान झाले आहे, विली वुड यांच्यावरचे प्रेम मात्र कायम. आता मैदानवेडा यांना शेवटचा प्रश्न : १९८८ नंतर ब्रायंट यांचे काय झाले? छप्पन्नाव्या वर्षी जगज्जेता झालेला माणूस सहसा तिथेच थांबतो.

मैदानवेडा

ते थांबले नाहीत. सभागृहातल्या दुहेरीची जागतिक स्पर्धा १९८६ मध्ये सुरू झाली आणि ती ब्रायंट-ऑलकॉक जोडीने १९८६, १९८७ आणि मग १९८९ पासून १९९२ पर्यंत सलग चार वर्षे, अशी एकूण सहा वेळा जिंकली. ऑलकॉक त्यांच्यापेक्षा जवळजवळ चोवीस वर्षांनी लहान. शेवटच्या विजयाच्या वेळी ब्रायंट यांनी साठी ओलांडली होती. ब्रिटिश सरकारने १९६९ मध्ये एमबीई आणि १९८० मध्ये सीबीई देऊन त्यांचा गौरव केला. २७ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

धाग्याच्या मूळ मुद्द्याशी जोडलेली एक नोंद राहिली आहे. १९९२ च्या उन्हाळ्यात हिरवळीवरची जागतिक स्पर्धा वीस वर्षांनी पुन्हा वर्दिंगला आली. इंग्लंडला घरच्या संथ गवतावर एकेरीचे विजेतेपद त्या वेळी मिळाले, आणि ते मिळवून देणारे खेळाडू होते टोनी ऑलकॉक. चार वर्षांनी ॲडलेडच्या वेगवान हिरवळीवरही त्यांनी ते राखले.